उपासना रामटेकेचं कापलेलं वाक्य

उपासना रामटेके चिडली की ओरडत नाही, उलट तिचा आवाज उतरत जातो. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्यामुळे त्या शनिवारी विमानसंग्रहालयात ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अंतरा, ती जॉयस्टिक खाली ठेव," तेव्हा पलीकडच्या बाकावर बसलेले तिचे वडील, धर्मराज, गुडघेदुखी विसरून उठले.

अंतरा म्हणजे उपासनाच्या भावाची, विवेकची मुलगी. वय वर्षं दहा. ती नुकतीच आनंदाने किंचाळली होती, "आत्या, आय गॉट इलेव्हन! हाय स्कोर!"

समोरच्या मोठ्या पडद्यावर एक गाव दिसत होतं, उंचावरून दिसतं तसं. मातीची घरं, भिंती घातलेली अंगणं, मुंग्यांएवढी माणसं. कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. एखाद्या संशयित माणसावर लाल चौकोन आणायचा आणि बटण दाबायचं. तो खरंच शत्रू निघाला तर घंटी वाजते आणि शंभर गुण मिळतात. साधा गावकरी निघाला तर दहा गुण वजा.

उपासनाने तो हिशेब दोनदा वाचला. निरपराध माणूस, दहा गुण.

मग घड्याळ संपलं, पडदा पहिल्या चित्रावर आला, आणि तिथे तिला ती स्वतःच दिसली. कानावर हेडसेट, अंगात उड्डाणाचा गणवेश, चोवीस-पंचवीसचं वय. खाली ठळक अक्षरांत वाक्य होतं: "मला वरून सगळं दिसायचं." आणि त्याखाली तिचं नाव, हुद्द्यासकट.

"हे मी बोललेच नाही," ती म्हणाली.

धर्मराजांनी चष्मा वर करून वाचलं. "तुझंच नाव आहे, उपा."

"नाव माझं आहे, बाबा. वाक्य अर्धं कापलेलं आहे."

ती मुलाखत वसंतात झाली होती. मिशिगनमधल्या नोव्हाय शहरापासून अर्ध्या तासावर, एका बंद पडलेल्या धावपट्टीच्या कडेला हे संग्रहालय. पत्र्याच्या प्रचंड हँगरमध्ये जुनी विमानं उभी. त्यात या वर्षी दोन पंख्यांचं एक छोटं टेहळणीचं विमान आलं. उपासना तसल्याच विमानाच्या पोटात बसून अफगाणिस्तानच्या आभाळात उडली होती, आणि दर शनिवारी इथे स्वयंसेवक म्हणून निळं जॅकेट घालून लोकांना माहिती सांगत होती. साहजिकच संग्रहालयाने तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. ती दोन तास बोलली. जे आईलाही सांगितलं नव्हतं, ते बोलली. त्या दोन तासांत ती म्हणाली होती, "लोकांना वाटतं, मला वरून सगळं दिसायचं. नव्हतं दिसत. ते मान्य करणं, हेच तर आमचं काम होतं."

त्यातलं मधलं तेवढं उचललं होतं. सोललेल्या उसासारखं, वाढे आणि मुळं तोडून.

उपासनाचा जन्म नागपूरचा. धर्मराज मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून मिशिगनला आले तेव्हा ती चार वर्षांची होती. कॉलेजची दोन वर्षं झाल्यावर तिने घरी सांगितलं की ती अमेरिकेच्या हवाई दलात भरती होणार आहे. आई, सुजाता, रडली. "घरात रोज वंदना म्हणतो आपण. पाणातिपाता वेरमणी म्हणतो, जीवहत्या करणार नाही म्हणतो. आणि तू लढाईला जाणार?" धर्मराजांचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते, आणि त्यांचा गणवेशातला फोटो नागपूरच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी होता. "जाऊ दे तिला," एवढंच ते सुजाताला म्हणाले, मग उपासनाकडे वळले. "फक्त तिथे जाऊन डोकं गहाण ठेवू नकोस."

ते वाक्य तिने बरोबर नेलं.

तिच्या विमानात चार जण असत. पुढे दोन वैमानिक, मागे दोन जण पडद्यांसमोर. एक जण रेडिओवरचं बोलणं ऐके, दुसरी उपासना, कॅमेऱ्यावर. पहिले काही महिने त्यांनी नुसते नकाशे केले. एका दरीचे जुने नकाशे इतके चुकीचे होते, की रस्ते नदीत गेलेले दिसत. मग शेत नांगरावं तसं विमान सरळ जायचं, वळायचं, पहिल्या पट्ट्याला लागून दुसरा पट्टा घ्यायचं. त्या उड्डाणांत तिला ती दरी पाठ झाली. एक गोष्ट तिला फार आवडायची. डोंगरापासून शेतापर्यंत ओळीने गेलेली भोकं, प्रत्येक भोकाभोवती मातीचं कडं. वरून पाहिलं तर जमिनीला कुणी धावदोरा घातलाय असं वाटायचं. तिने चौकशी केली. ते कारेझ होते, डोंगरातलं पाणी जमिनीखालून शेतात आणणारे बोगदे. ती भोकं म्हणजे आत उतरून गाळ काढायच्या विहिरी.

पुढे नकाशांचं काम संपलं आणि टेहळणी सुरू झाली. खालून सैनिकांची तुकडी चालत जायची आणि वरून यांनी त्यांच्या वाटेवर नजर ठेवायची. एका पहाटे वाटेच्या कडेला तीन माणसं खणताना दिसली. एकाच्या खांद्यावर लांबट, काळं काहीतरी होतं. रस्त्याकडेला खणणारी माणसं म्हणजे पुरलेला बॉम्ब, हे तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खालून रेडिओवर प्रश्न आला, "ते हत्यार आहे का?"

"अजून माहीत नाही," उपासना म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा तिने तेच सांगितलं. खालच्या आवाजाला घाम फुटलेला तिला ऐकू येत होता. तिथे वीस-बावीस वर्षांची पोरं होती, त्यांनाही घरी जायचं होतं. वैमानिकाने विमान थोडं वळवलं, कोन बदलला, आणि तिला मातीचं एक कडं दिसलं. मग दुसरं, मग तिसरं. हा धावदोरा तिने स्वतः नकाशावर घातला होता. खांद्यावरची काळी वस्तू म्हणजे दोर गुंडाळलेला रहाट होता. माणसं गाळ काढत होती.

"हत्यार नाही," ती म्हणाली. "पाण्याचं काम चाललंय."

तुकडी बाजूने निघून गेली. खणणाऱ्यांतल्या एका माणसाने हात वर करून सैनिकांना काहीतरी दाखवलं, बहुधा रस्ता.

पण मुलाखतीत तिने दुसरी हकीकतही सांगितली होती. एक अंगण, भिंतीला टेकून ठेवलेली सायकल, आत-बाहेर करणारी दोन माणसं. "माहीत नाही," ती म्हणत राहिली, तेवढ्यात ढग आले. इंधन संपत आलं होतं, परतावं लागलं. पुढे त्या अंगणात काय झालं, तिला कधीच कळलं नाही. तिने विचारलं होतं, पण नीट उत्तर आलं नाही. ती सायकल तिला अजून दिसते, एवढंही तिने सांगितलं होतं.

आणि या सगळ्यातून निघालं काय? "मला वरून सगळं दिसायचं." शंभर गुण.

त्या शनिवारी तिने संग्रहालयाच्या व्यवस्थापक, डॉना, यांना तिथल्या तिथे गाठलं. डॉना साठीच्या, मनाने वाईट नव्हेत. त्यांनी उपासनाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "तू देशासाठी जे केलंस त्याबद्दल आम्ही तुझे ऋणी आहोत."

"मग माझं वाक्य पूर्ण लिहा."

"इतकं लांब वाक्य पडद्यावर मावत नाही गं," डॉना म्हणाल्या. शिवाय वापराच्या परवानगीवर तिनेच सही केली होती, याची त्यांनी गोड शब्दांत आठवण करून दिली. "आणि खेळ देवांगने केलाय. त्याच्याशी बोल ना. तुमचीच भाषा बोलतो."

देवांग मूळचा पुण्याचा. नोव्हायमध्ये त्याची सॉफ्टवेअर कंपनी होती, आणि हा खेळ त्याने संग्रहालयाला फुकट करून दिला होता. तो हँगरच्या दारात पाहुण्यांना कॉफी देत उभा होता. उपासनाला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"अगं, स्टार आली! कसा वाटला?"

"खणणाऱ्या माणसाला शंभर गुण का?"

"म्हणजे?"

"तुझ्या खेळात फावडं घेतलेला माणूस दरवेळी शत्रू निघतो. का?"

देवांग हसला. "यार, कुठेतरी क्लू द्यावा लागतो ना. नाहीतर मुलं कंटाळतात. तू आधी बघितलंस ना इथे? लोक विमानाभोवती एक चक्कर मारायचे आणि सरळ गिफ्ट शॉप. आता अर्धा तास थांबतात. इट्स जस्ट अ गेम."

"आणि घड्याळ?"

"टेन्शन पाहिजे ना."

"टेन्शन होतंच रे," उपासना म्हणाली. तिचा आवाज आता इतका उतरला होता की देवांगला वाकावं लागलं. "ते लवकर बटण दाबायचं नव्हतं. न दाबता थांबायचं टेन्शन होतं. तू बरोबर उलटं केलंस. आणि वर माझा फोटो लावलास."

देवांगने कॉफीचा कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली, आणि तो मऊ आवाजात म्हणाला, "उपासना, बघ, तुला हे सगळं बघून त्रास होत असेल तर आय टोटली अंडरस्टँड. तू तिथे जे पाहिलंस... तू कोणाशी बोलतेस का? म्हणजे थेरपिस्ट वगैरे?"

उपासनाच्या मनात आलं: आपल्या नावावर खोटं छापलंय असं आपण म्हणतोय, आणि हा आपल्या तब्येतीची चौकशी करतोय. चूक याची, आणि आजारी आपण!

"मी आजारी नाहीये, देवांग," ती म्हणाली. "मी चिडलेय. दोन्हीत फरक असतो."

परत येताना गाडीत अंतरा मागच्या सीटवर बसली होती. हायवेला लागल्यावर तिने विचारलं, "आत्या, वॉज आय बॅड?"

"नाही गं. तू खेळ दिला तसा खेळलीस."

"दोज गाइज विथ द शव्हल्स... व्हॉट वेअर दे डूइंग?"

मग उपासनाने तिला कारेझची गोष्ट सांगितली. धर्मराजही पहिल्यांदाच ऐकत होते. संपल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे तू आम्हाला कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलंच नाही, बाबा. सगळे विचारतात, भीती वाटली का. नाहीतर विचारतात, व्हिडिओ गेमसारखं असतं का."

पुढच्या शनिवारी ती निळं जॅकेट घालून गेली आणि विमानाजवळ न थांबता थेट त्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. मूल बटणावर बोट नेई, की ती विचारी, "तुला कसं कळलं?" रागावून नाही, नुसतं विचारी. "तू काय पाहिलंस? त्याच्या हातात काय आहे? अजून काय असू शकेल?" काही मुलं वैतागून निघून गेली. काही थांबली. एका मुलीने पडद्याला नाक लावून सांगितलं, "हा बहुतेक झाड लावतोय." घड्याळ संपलं आणि पडद्यावर अक्षरं आली: फार हळू! पुन्हा प्रयत्न करा! त्या मुलीच्या आईने मात्र डॉनांकडे तक्रार केली. आम्ही तिकीट काढून आलोय, मुलांना परीक्षेला बसवायला नाही.

संध्याकाळी डॉनांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि जॅकेट परत मागितलं. "थोडे दिवस विश्रांती घे," त्या म्हणाल्या.

उपासनाने जॅकेटची घडी घालून टेबलावर ठेवली. विश्रांती हा शब्द ऐकून तिला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा वॉल्ट तिची वाट बघत होता. वॉल्ट ऐंशी पार केलेला, संग्रहालयातला सगळ्यात जुना स्वयंसेवक. तो दर आठवड्याला विमानांचे पंखे फडक्याने पुसायचा आणि फारसं बोलायचा नाही. तरुणपणी तो नकाशे करणाऱ्या विमानावर होता, व्हिएतनामच्या काळात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं.

"जॅकेट काढून घेतलं?" त्याने विचारलं.

"घेतलं."

वॉल्टने स्वतःचं जॅकेट काढलं, आत गेला आणि तसाच शर्टावर परत आला. मग पार्किंगमध्ये तिच्या गाडीला टेकून त्याने पहिल्यांदाच सांगितलं. मोठमोठी फिल्मची रिळं, जंगलावरून पट्टे घेत जाणं, दिवसदिवस खाली नुसतं हिरवं. "एकदा छापून आलेला नकाशा बघायला मिळाला. माझ्या फिल्मवरून केलेला. सुंदर होता. नदीचं वळण न वळण जागेवर. पण मी फिल्मवर झोपड्या पाहिल्या होत्या, चुलींचा धूर पाहिला होता. नकाशावर तिथे फक्त हिरवा रंग. मी विचारलं, गावं कुठे? म्हणाले, या मापाला गावं दिसत नाहीत." त्याने हाताने हँगर दाखवला. "हे मी त्यांच्या मुलाखतीत सांगितलं. त्यांनी माझी कोणती गोष्ट ठेवली माहितेय? विमानात माकड शिरलं होतं, ती."

दोघांनी मिळून संग्रहालयाच्या समितीकडे अर्ज केला. पुढच्या बैठकीत बोलायला वेळ मिळाला. दरम्यान मराठी मंडळातही कुजबूज पोचली. कुणी म्हणालं, उपासना उगाच ताणतेय. देवांगने एवढं फुकट केलं, त्याचं काय? एका काकूंनी सुजाताबाईंना फोन करून सुचवलं, "मुलीला समजवा, आपली माणसं एकमेकांना अशी खाली ओढतात म्हणूनच..." सुजाताबाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "माझ्या मुलीचं एक वाक्य कापलंय आधीच," त्या म्हणाल्या. "तिने आणखी किती कापून घ्यायचं?" आणि फोन ठेवला. भरतीचं ऐकून रडलेली आई ती हीच.

बैठकीला समितीची मंडळी लांब टेबलाभोवती बसली होती. डॉना होत्या, देवांग होता. धर्मराज कडक इस्त्रीचा कोट घालून मागच्या खुर्चीवर. उपासना उठली आणि तिने एकच मागणी केली. "भाषण करायला मी आलेली नाही. मी जे बोलले ते तुमच्याकडे रेकॉर्ड केलेलं आहे. ते लावा."

जरा चुळबुळ झाली. मग कुणीतरी ते शोधून लावलं. भिंतीवर उपासना बोलू लागली. कारेझ, रहाट, अजून माहीत नाही, अजून माहीत नाही. मग अंगण, सायकल, ढग. पडद्यावरची उपासना ते सांगताना हाताने गुडघा चोळत होती. संग्रहालयाच्या संपादकाने हे सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं आणि तरीही कात्री चालवली होती, हे त्या खोलीत आता प्रत्येकाला कळत होतं. मग ते वाक्य आलं, पूर्ण.

समितीतल्या एका गृहस्थांनी घसा खाकरला. "पण मुलांना इतकं गुंतागुंतीचं..."

"मुलांना कळतं," धर्मराज मागून म्हणाले. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, आपण कोण? ते उभे राहिले. "मी तिचा बाप. माझ्या दहा वर्षांच्या नातीला कळलं. तिने विचारलं, ती माणसं काय करत होती. तुमच्या मशीनला तो प्रश्न विचारताच येत नाही."

वॉल्ट नुसता टाळ्या वाजवायला लागला, एकटाच, आणि तो थांबेपर्यंत कुणाला काय करावं सुचेना.

देवांगला विचारलं गेलं, बदल करता येतील का. त्याने उपासनाकडे पाहिलं नाही. "घड्याळ काढता येईल," तो म्हणाला. "एका दुपारचं काम आहे. गुणही काढता येतील. पण मग कोणी खेळणार नाही, हे आत्ताच सांगतो."

"नाही खेळलं तर नाही," उपासना म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं: तिचा फोटो आणि वाक्य काढायचं, घड्याळ काढायचं, फावडं म्हणजे शत्रू हा नियम काढायचा. गुण राहतील. पूर्ण मुलाखती लोकांना ऐकायला ठेवायच्या की नाही, यावर पुढे विचार करू. माफीचा विषय कुणी काढला नाही. डॉना म्हणाल्या, गैरसमज झाला असेल तर वाईट वाटतं. उपासनाने सरळ सांगितलं, "गैरसमज कुणाचाच झालेला नाही." डॉनांनी जॅकेट परत देऊ केलं. तिने घेतलं नाही.

देवांग बाहेर तिच्यामागोमाग आला. "तू मला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "ते अंगणाचं वगैरे."

"तुझ्याकडे दोन तासांचं रेकॉर्डिंग होतं."

"एवढं कोण ऐकतं, यार," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याचं त्यालाच कानकोंडं झालं. तो आणखी काहीतरी बोलणार होता, पण तिने गाडीचं दार उघडलं होतं.

पार्किंगमधून बाहेर पडताना धर्मराजांनी टाय सैल केला. "आता राग गेला का?"

"नाही."

"मुलाखतींचं काय करतील असं वाटतं?"

"गुंडाळतील. पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ. वॉल्ट येणार आहे. त्याची ती माकडाची गोष्ट काढून टाकायला सांगायचंय."

"मी कोट इस्त्रीला टाकून ठेवतो," धर्मराज म्हणाले, आणि सीट मागे करून त्यांनी डोळे मिटले.